तार, खुंटी आणि सोल्डर : वाचकांचे प्रश्न

सप्टेंबरचं टपाल नेहमीसारखंच आलं. निम्म्या पत्रांत पाऊस, उरलेल्यांत इलेक्ट्रिक गिटारच्या ॲम्पची घरघर. सगळ्यांना इथे उत्तर देता येत नाही, म्हणून एकाच तक्रारीची चार पत्रं असली की त्यातलं नीट लिहिलेलं घेते. नीट म्हणजे गिटार कुठल्या पद्धतीची, तारा किती जाडीच्या आणि तक्रार नेमकी कधी येते, हे सांगितलेलं. ‘आवाज बरोबर नाही’ एवढ्यावर डॉक्टरसुद्धा गोळी देत नाही.

प्रश्न : माझी स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) पद्धतीची गिटार मे महिन्यात मस्त वाजत होती. ऑगस्टपासून बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या बाराव्या आडव्या धातूच्या पट्टीवर) तारा इतक्या वर आल्यात की दाबताना बोटं दुखतात. दुकानदार म्हणतो, मान वाकली, नवी बसवा नाहीतर एक्स्चेंजमध्ये द्या. तारा 10-46 च्या आहेत. मान खरंच गेली का?
— आयटीत काम करणारा वाचक, बावधन

उत्तर : मान कुठेही गेलेली नाही. पावसाळ्यात ती दरवर्षी जे करते तेच यंदा तुमच्या लक्षात आलंय.

एप्रिलमध्ये पुण्याची दुपार इतकी कोरडी असते की ओठ फुटतात, आणि ऑगस्टमध्ये दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही दमट लागतात. लाकूड हा ओलावा घेतं आणि सोडतं. ओलावा घेतलेली मान तारांच्या ओढीने पुढे झुकते आणि तारा वर उचलल्यासारख्या दिसतात. ही ओढ थोडीथोडकी नसते. साडेपंचवीस इंची मापाच्या गिटारवर 10-46 चा (सर्वांत बारीक तार 10, सर्वांत जाड 46 नंबरची) संच सुरात लावला की सहा तारा मिळून सुमारे 46 किलोची ओढ पडते, 9-42 च्या संचाची सुमारे 38 किलोची. ती तोलण्यासाठी मानेच्या पोटात ट्रस रॉड, म्हणजे धातूची सळई असते. दुकानदाराने तो रॉड तपासला का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. न तपासताच मान बदला म्हणाला असेल तर मान राहू द्या, दुकान बदला.

आधी मोजायचं, मग फिरवायचं. गिटार सुरात लावा आणि वाजवताना धरतो तशी धरा. टेबलावर आडवी टाकून घेतलेलं माप खरं नसतं. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा आणि सर्वांत जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबून ठेवा. दोन टोकांना टेकलेली ही तार आता सरळ रेघ झाली. सातव्या-आठव्या फ्रेटचा माथा आणि तार यांच्यात जी फट दिसते तिला रिलीफ म्हणतात. ती 0.25 मिलिमीटरच्या आसपास हवी. मोजायला फिलर गेज लागतं. नाना पेठेत टू-व्हीलरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात टॅपेट सेट करायचं फिलर गेज मागा, हसतमुखाने देतील. तिथवर जायचा कंटाळा असेल तर तुमच्या पहिल्या तारेचा कापलेला तुकडा घ्या. 10 नंबर म्हणजे इंचाचे हजार भाग केले तर त्यातले दहा, म्हणजे 0.254 मिलिमीटर. फुकटचं गेज आहे. तुकडा फटीत अलगद सरकला आणि वरची तार हलली नाही तर रिलीफ ठीक. तुकड्याच्या वर अजून उजेड दिसला तर मान पुढे आलीय.

रॉडचा नट समोर धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की रॉड आवळतो, मान मागे येते, फट कमी होते. आवळण्याआधी तारा थोड्या सैल करा. एका वेळी पाव फेरा पुरे. पुन्हा सुरात लावा, मोजा, रात्रभर राहू द्या आणि सकाळी परत मोजा. लाकूड सावकाश बसतं. रॉड फिरेनासा झाला तर हात काढा. जोर लावायची जागा ही नव्हे.

हा नट फिरवायच्या ॲलन कीबद्दल (षटकोनी चावीबद्दल) दोन शब्द, कारण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याअधिक बिघडलेल्या मानांना रॉडचा नव्हे, कीचा रोग असतो. बोहरी आळीत मिळणारा साधा संच मिलिमीटरचा असतो. गिटार अमेरिकन मापाची असेल तर नट एक अष्टमांश किंवा तीन षोडशांश इंचाचा असू शकतो. एक अष्टमांश म्हणजे 3.175 मिलिमीटर. त्यात 3 ची की जाते, फिरल्यासारखी वाटते आणि आतले कोपरे खाऊन टाकते. एकदा कोपरे गोल झाले की मग मान खरोखरच दुकानात न्यावी लागते. की घट्ट, खडखडाट न करता बसली तरच फिरवा.

रिलीफ जमल्यावर सॅडलकडे, म्हणजे बॉडीकडच्या टोकाला तारा ज्या तुकड्यांवर टेकतात त्यांच्याकडे वळा. कॅपो पहिल्या फ्रेटवर तसाच ठेवून सतराव्या फ्रेटवर तारांची उंची 1.6 मिलिमीटर ही चांगली सुरुवात. हात जड असेल तर थोडी वाढवा. आणि आज किती फिरवलं ते कागदावर लिहून केसमध्ये ठेवा, कारण मार्चमध्ये मान उलटी मागे जाईल, पहिल्या चार फ्रेटवर तार घासायला लागेल आणि तुम्हाला तेवढाच रॉड सोडावा लागेल. त्याच दिवसांत फ्रेटची टोकं कडेला बोचायला लागली तर तोही कोरड्या हवेचाच प्रताप. लाकूड आकसतं, धातू आकसत नाही.

प्रश्न : मुलाची गिटार आहे. मला संगीतातलं कळत नाही, पण आमच्याकडे खंडेनवमीला सगळ्या वस्तूंची पूजा होते. गिटारला हळदकुंकू लावलं तर चालेल का? आणि काळ्या पट्टीला खोबरेल तेल लावलं तर लाकूड टिकेल का?
— गृहिणी, चिंचवड

उत्तर : पूजा जरूर करा, हळदकुंकू मात्र केसला किंवा पिशवीला लावा. हळदीचा डाग फिकट मेपलच्या पट्टीवर एकदा बसला की निघत नाही, आणि कुंकवाची पूड पिकअपच्या (तारांखालच्या, आवाज पकडणाऱ्या चुंबकी तुकड्याच्या) फटीत गेली की मुलगा दिवाळीपर्यंत फुंकर मारत बसेल. फूल ठेवा, पण ओलं नको.

खोबरेल नको. डिसेंबरात ते बाटलीत कसं गोठतं ते तुम्हाला माहीत आहे. शिवाय खाद्यतेल लाकडात राहून खवट होतं. तुम्ही म्हणताय ती काळपट तपकिरी पट्टी बहुधा शिसवाची असेल. फेंडर, गिब्सनसारखे गिटार बनवणारे वर्षानुवर्षं आपल्याकडचं शिसव या कामाला वापरत आलेत, त्यामुळे घरातल्या जुन्या शिसवी कपाटाची जी काळजी घेता तीच इथे. तारा बदलताना पट्टी कोरड्या मऊ फडक्याने पुसा. ‘लेमन ऑइल’ म्हणून दुकानात जे मिळतं ते मुख्यतः वास लावलेलं मिनरल ऑइल असतं. वर्षातून एक-दोनदा त्याचे चार थेंब फडक्यावर घेऊन फिरवा आणि लगेच पुसून काढा. खरं लिंबू पिळू नका, हे सांगावं लागतं. पट्टी चमकदार लाखेची मेपल असेल तर तेलाची गरजच नाही.

प्रश्न : शनिवार पेठेत जुन्या वाड्यात राहतो. ॲम्प चालू केला की घूंऽऽ असा आवाज. तारांना हात लावला की कमी होतो, सोडला की परत. पंखा लावला की त्यात झिरझिर मिसळते. मित्र म्हणतो ॲम्पच्या प्लगची तिसरी पिन काढून टाक, आवाज जाईल. काढू का? गिटार तीन सिंगल कॉइलची.
— वाचक, शनिवार पेठ

उत्तर : पिन काढू नका. हे सगळ्यांत आधी, बाकीचं नंतर.

गिटारच्या तारा ब्रिजमधून (बॉडीवर तारा जिथे अडकतात तो धातूचा भाग), ब्रिज एका वायरने पॉटच्या (आवाजाच्या बटणाखालच्या भागाच्या) पाठीला, तिथून केबलच्या जाळीतून ॲम्पच्या बॉडीला आणि बॉडी त्या तिसऱ्या पिनने जमिनीला जोडलेली असते. म्हणजे तुमचा डावा हात सदैव अर्थिंगला धरलेला असतो. पिन काढलीत आणि ॲम्पमध्ये काही बिघडून बॉडीवर 230 व्होल्ट आले, तर ते जमिनीत जायला एकच वाट उरते, ती तुमच्यातून. मित्राला हे वाचून दाखवा.

जुन्या वाड्यांत खरी अडचण वेगळीच असते. सॉकेट तीन भोकांचं असतं, पण मागे अर्थची वायरच नसते. हे साध्या टेस्टरने कळत नाही. लायसन्स असलेला वायरमन बोलवा, त्याला फेज, न्यूट्रल आणि अर्थ मीटरने मोजायला सांगा आणि बोर्डात 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या. गिटारवर खर्च करायचाच असेल तर पहिला खर्च हा.

आता आवाज. तारांना हात लावल्यावर कमी होतो, म्हणजे गिटारमधली ब्रिजची वायर शाबूत आहे. ही चांगली खूण. हात लावल्यावर आवाज वाढला असता तर मी जॅकवरच्या दोन वायरी उलट्या लागल्यात का ते बघायला सांगितलं असतं. अंगाला हलके झटके जाणवत असतील तर मात्र ॲम्प बंद करा, वायरमन येऊन जाईपर्यंत.

घूं आणि झिरझिर या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. घूं ही 50 हर्ट्झच्या विजेची. सिंगल कॉइल म्हणजे चुंबकाभोवती तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, आणि असं वेटोळं ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र पकडणारच. मी भोसरीत ट्रान्सफॉर्मरच्या वायंडिंग खात्यात नोकरी केली आहे, दोन्ही वेटोळ्यांची जात एकच. यावर उपाय गिब्सनच्या सेथ लव्हरने शोधला. उलट्या वेढ्यांची आणि उलट्या चुंबकाची दोन कॉइल जोडली की विजेची घरघर एकमेकांत मिटते आणि तारांचा आवाज मात्र बेरजेत येतो. 1955 मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, तेच हे हंबकर. तुमच्या गिटारचं मधलं पिकअप उलट वेढ्यांचं असेल तर स्विच दुसऱ्या किंवा चौथ्या जागी ठेवल्यावर घूं बरीच कमी होईल. करून बघा. आणि वाजवताना जागेवर हळूहळू गोल फिरा. एका दिशेला तोंड केल्यावर आवाज पडतो. तीच तुमची बसायची जागा.

झिरझिर पंख्याची नाही, रेग्युलेटरची. गोल बटण सलग फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लाट दर सेकंदाला शंभर वेळा मध्येच कापतो, आणि त्या कापलेल्या कडांची झिरझिर पिकअपला ऐकू येते. पायऱ्या-पायऱ्यांनी टक टक फिरणारा, कपॅसिटरचा रेग्युलेटर बसवा. जुना डब्याएवढा रेग्युलेटर अजून भिंतीवर असेल तर तो काढूच नका, त्याच्याइतका शांत दुसरा नाही. गणपतीत मांडवाची रोषणाई खिडकीशी आली की जे व्हायचं ते होणारच, ते दहा दिवस हेडफोन.

पिकअपच्या खोबणीत तांब्याची पट्टी चिकटवायची असं तुम्ही पुढे विचारलंय. चिकटवा. झिरझिर कमी होईल, घूं फारशी नाही. पट्टीचे सगळे तुकडे एकमेकांशी आणि पॉटच्या पाठीशी जोडलेत का ते मीटरच्या बझरवर तपासा. न जोडलेली पट्टी नुसती शोभेची.

प्रश्न : मी हार्मोनियम आणि गायन शिकवतो. नातवाच्या गिटारला ट्यूनरचा दिवा हिरवा लागतो, तरी माझ्या कानाला ती बेसूर वाटते. विशेषतः गंधार चढा लागतो. नातू म्हणतो आजोबांचे कान गेले. कोणाचं बरोबर?
— निवृत्त संगीतशिक्षक, सदाशिव पेठ

उत्तर : गुरुजी, कान तुमचे बरोबर आणि दिवा नातवाचा बरोबर. पण वादात पडण्याआधी दोन तपासण्या करून घ्या, कारण गिटारमध्येही दोष असू शकतो.

पहिली नटची, म्हणजे खुंट्यांजवळ तारा ज्या खाचांतून जातात त्या पांढऱ्या पट्टीची. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा. तिथे केसाएवढी फट हवी. पोस्टकार्ड जाईल एवढी असेल तर खाच उथळ आहे, तार दाबताना जास्त ताणली जाते आणि पहिल्या दोन-तीन फ्रेटवरचे सगळे सूर चढतात. खाच खोल करायला तारेच्या जाडीची बारीक कानस लागते. ते काम कारागिराकडे द्या, कारण जास्त खोल गेली तर नट नवा लागतो.

दुसरी सॅडलची. नव्या तारा घाला. बाराव्या फ्रेटवर तार नुसती स्पर्श करून घंटेसारखा सूर काढा, मग तिथेच दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, खुंट्यांपासून लांब सरकवायचं. उतरलेला असेल तर पुढे. प्रत्येक वेळी तार पुन्हा सुरात लावून मग तपासायचं. शेवटी सॅडलची रांग वाकडीतिकडी दिसली की बरोबर लागली समजा. साध्या तिसऱ्या तारेचं सॅडल बरंच मागे आणि शेजारच्या गुंडाळलेल्या चौथ्या तारेचं एकदम पुढे येतं.

हे दोन्ही ठीक असूनही गंधार चढाच लागणार. तुमच्या पेटीवर लागतो तितकाच. सप्तकाचे 1200 सेंट धरले तर तंबोऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गंधार 386 सेंटवर असतो आणि फ्रेटचा 400 वर. चौदा सेंट म्हणजे तुमच्या कानाला मैलभर. पंचमात मात्र फरक दोनच सेंटचा, म्हणून तो खटकत नाही. या आणि अशाच तक्रारींवरून आकाशवाणीने 1940 ते 1971 पेटीला दाराबाहेर ठेवलं होतं, हे मी तुम्हाला काय सांगणार.

नातवाला एक प्रयोग करून दाखवा. जी मेजर कॉर्ड धरायला सांगा आणि दुसरी तार तुमच्या कानाने किंचित उतरवा. कॉर्ड अशी लागेल की तोही गप्प बसेल. मग त्याला ई मेजर धरायला सांगा. तीच तार तिथे पंचम होते आणि आता बेसूर बोलते. फ्रेटच्या वाद्यात सगळ्यांना थोडं थोडं बेसूर करूनच सगळ्यांची सोय होते. ते नको असेल तर गिटारवर हिंदुस्थानी राग वाजवणाऱ्या ब्रिजभूषण काब्रांनी काढली ती वाट आहे : गिटार मांडीवर आडवी, हातात धातूची कांब, फ्रेटला स्पर्शच नाही. नटवर बसणारा उंच नट मिळतो, तो ठेवला की तारा वर येतात. गिटारला कायमचं काहीच करावं लागत नाही. एखादी संध्याकाळ नातवाकडून वाद्य मागून घ्या.

प्रश्न : मावशी, मी सेकंड इयरला आहे. फिरोदिया करंडक स्पर्धेसाठी आमच्या नाटकात लाइव्ह बँड आहे. माझी स्वस्तातली स्ट्रॅट कॉपी आहे, आवाज पातळ येतो. ब्रिजला हंबकर टाकायचंय. कुठलं घेऊ? नवीन कपॅसिटरही टाकायचा का? एका व्हिडिओत विंटेज कपॅसिटरने टोन बदलतो म्हणाले. आणि मधलं पिकअप मेलंय, ते फेकून देऊ का?
— विद्यार्थी, कर्वेनगर

उत्तर : तीन प्रश्न विचारलेस, मी शेवटापासून सुरू करते.

मेलेलं पिकअप फेकू नकोस. मल्टिमीटर 20 के ओहमवर लाव आणि पिकअपच्या दोन वायरींना टेकव. जिवंत सिंगल कॉइल साधारण साडेपाच ते सात के दाखवतं. काहीच दाखवत नसेल तर कुठेतरी तार तुटली आहे, आणि ती बहुतेक वेळा वेढ्यांच्या पोटात तुटत नाही. भिंग घे, टेबललॅम्प आडवा लाव आणि पिकअपच्या बुडाशी जिथे जाड वायर लागते ते दोन खिळे बघ. वेढ्यांची सुरुवात आणि शेवट तिथे येऊन गुंडाळलेले असतात. ही तार 42 गेजची असते, जाडी 0.063 मिलिमीटर, आपल्याकडच्या गेजात 46 च्या जवळपास. पिकअप काढताना कोणाचं तरी नख लागलेलं असतं किंवा घामाने तिथे हिरवट बुरशीसारखं झालेलं असतं. बाहेरचं टोक तुटलं असेल तर सुईने अर्धा वेढा सोडव, टोकावरचं इनॅमल बारीक पॉलिश पेपरने अलगद काढ, खिळ्याला गुंडाळ आणि सोल्डरचा ठिपका ठेव. तार ओढायची नाही, ती येईल तेवढीच घ्यायची. आतलं टोक तुटलं असेल तर सगळे साडेसात-आठ हजार वेढे उलगडून नव्याने घालावे लागतात. ते काम माझ्यासारखीकडे येतं.

कपॅसिटरचं थोडक्यात. टोनचं बटण पूर्ण उघडं असताना कपॅसिटरचा आवाजाशी जवळजवळ संबंध नसतो. बटण कमी केल्यावर किती वरचे सूर कापले जातील ते त्याच्या मूल्यावर ठरतं. सिंगल कॉइलला 0.047 मायक्रोफॅरड, हंबकरला 0.022 असा रिवाज. तपकीर गल्लीत 473 आणि 223 छापलेले मागितलेस की हेच मिळतात, काही रुपयांत. ‘विंटेज’ म्हणून जे विकतात त्याच्या पैशांत तुझ्या अख्ख्या ग्रुपची मिसळ होईल, आणि मिसळीचा फरक जाणवतो तरी.

आता हंबकर. आधी एक फुकटचा उपाय कर. तार शेवटच्या फ्रेटवर दाब आणि ब्रिजच्या पिकअपच्या चुंबकापासून अंतर मोज. जाड बाजूला 2.4 आणि बारीक बाजूला 2 मिलिमीटर असू दे. स्वस्त गिटारीत पिकअप पार खोल बसवलेलं मी नेहमी बघते आणि पोरं म्हणतात आवाज पातळ. दोन स्क्रू फिरवले की आवाज भरतो. फार वर आणलंस तर चुंबक तारेला ओढतो, वरच्या फ्रेटवर जाड तार डुगडुगते आणि एकाच सुरात दोन सूर ऐकू येतात. तसं झालं की खाली कर. याने भागलं तर पैसे वाचले.

नाहीच भागलं तर पिकगार्ड उचलून खालची खोबण बघ. बऱ्याच कॉपींमध्ये मोठी खोबण आधीच कोरलेली असते, हंबकरच्या मापाचं भोक असलेला पिकगार्ड आणला की झालं. खोबण लहान असेल तर छिन्नी शोधू नकोस. सिंगल कॉइलच्या मापात बसणारं दोन पट्ट्यांचं हंबकर मिळतं, ते घे. सोबत व्हॉल्यूमचा पॉटही बदल. सिंगल कॉइलसाठी असलेला 250 के पॉट हंबकरचे वरचे सूर खातो, 500 के लाव. पेठेत 470 के मिळाला तरी चालेल. पॉटवर छापलेल्या आकड्यात तसाही बराच उन्नीस-बीस असतो. अक्षर ए असलेला घे, बी नको. बीचं बटण आवाजाला सुरुवातीलाच उडी मारायला लावतं.

स्पर्धा तोंडावर आली असेल तर हे सगळं प्रयोग झाल्यावर कर. चालू गिटार शेवटच्या आठवड्यात उघडायची नसते.

प्रश्न : तरंगत्या ब्रिजची गिटार आहे. 9 च्या तारा काढून 10 च्या घातल्या तर ब्रिज पुढे उचलला गेला आणि सूरच लागेना. ब्रिज बिघडला का?
— वाचक, पिंपळे सौदागर

उत्तर : नाही. वर बावधनच्या वाचकांना सांगितलेली ओढ आठ किलोने वाढली आणि मागच्या स्प्रिंगा हरल्या. मागचं झाकण काढा. स्प्रिंगा ज्या पंजात अडकवल्यात त्याचे दोन लांब स्क्रू अर्धा-अर्धा फेरा आवळा, तारा सुरात लावा, बघा, पुन्हा आवळा. ब्रिज बॉडीला समांतर आला की थांबा. स्क्रू संपले तर एक स्प्रिंग वाढवा. आणि पुढच्या वेळी सहाही तारा एकदम काढू नका. ब्रिजखाली घडी केलेलं फडकं ठेवा, एकेक बदला. सूर हेलकावायचा ब्रिजचा दांडा कधीच वापरत नसाल तर ब्रिजमागे मापाचा लाकडी ठोकळा बसवून टाका.

प्रश्न : मुलगी दहावीत आहे. तिच्या गिटारचा जॅक ढिला झालाय, केबल हलली की आवाज जातो. ती म्हणते मीच सोल्डर करणार. करू द्यावं का? कुठली सोल्डरिंग आयर्न घ्यावी?
— वडील, वडगाव बुद्रुक

उत्तर : करू द्या. जॅकचं काम पहिल्यांदा शिकायला उत्तम : दोनच वायरी, मोकळी जागा, आणि चुकलं तरी काही जळत नाही. गिटार केबलपासून सुटी असली की तिच्यात वीज नसते. ॲम्पच्या पोटात मात्र हात घालायचा नाही, तिला नाही आणि तुम्हालाही नाही. व्हॉल्व्हच्या ॲम्पमधले कपॅसिटर प्लग काढल्यावरही शेकडो व्होल्ट धरून बसतात.

आयर्न 25 वॉटची घेतली तर जॅकला पुरते, पण पुढे पॉटच्या पाठीवर अर्थची वायर लावायची वेळ आली की ती कमी पडते. तिथला पत्रा उष्णता पिऊन टाकतो आणि पोरं मग आयर्न दाबून धरून आतली पट्टी जाळतात. 40 ते 60 वॉटची, आपल्या इथल्या कंपनीची घ्या. सोल्डर 60/40 चं, आत राळ असलेलं, बारीक. त्यात शिसं असतं, म्हणून काम झाल्यावर हात साबणाने धुवायचे आणि त्या टेबलावर डबा खायचा नाही. खिडकी उघडी, डोळ्यांना चष्मा.

जॅक ढिला झाल्यावर लोक बाहेरचा नट पान्याने आवळतात, आतला जॅक सोबत गोल फिरतो आणि वायरी पिळून तुटतात. तुमच्याकडेही बहुधा तेच झालंय. प्लेट काढून जॅक आतून बोटांनी धरायचा आणि मग नट आवळायचा. वायर आधी तापवायची, सोल्डर वायरला लावायचं, आयर्नला नाही. सांधा चकचकीत आला तर ठीक. भुरकट, गोळा झालेला दिसला तर पुन्हा तापवायचा. टोकाच्या पत्र्याला जाणारी वायर आणि बाहेरच्या कड्याला जाणारी वायर कुठली, याचा काम सुरू करण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवायला सांगा.